कसोंडेंचा रिले

रात्री दोन ते सहा. खाणीने दिलाय तो एवढाच वेळ.
कलुलुशीच्या बाहेर, जूनच्या कोरड्या थंडीत,
ट्रान्सफॉर्मर गप्प उभा आहे.
त्याची जन्माची गुणगुण थांबली
की कान उगाच ती शोधत राहतात.

लोंबे टेस्ट किट उचलून आणतो, धापा टाकत.
बावीस किलोची पेटी. तिच्यातून सहा करंट सोडायचे
आणि रिलेला सांगायचं खोटंच,
की लोड चालू आहे, की शहर जागं आहे.

रिलेचं काम जकातनाक्यावरच्या माणसाचं.
आत आलं किती, बाहेर गेलं किती.
जुळलं, तर बसून राहायचं वर्षानुवर्षं.
नाही जुळलं, तर फाटक पाडायचं.
साहेबाला विचारायला जायचं नाही.

पॉइंट तीनवर उचलला.
पुन्हा दिला. पुन्हा तिथेच.
करंट वाढवत नेला, तसा तोही सैल होत गेला;
मोठ्या व्यवहारात थोडी तूट येणारच, हे त्याला ठाऊक आहे.
मग दुसऱ्या हार्मोनिकची लहर मिसळली,
झोपेतून उठवलेल्या ट्रान्सफॉर्मरची ती पहिली उसळी.
ओळखली त्याने. सोडून दिली.
शेवटी आतला फॉल्ट दाखवला:
अठ्ठावीस मिलिसेकंद.
"पास," लोंबे म्हणाला, जांभईतूनच.

पास.
म्हणजे गेल्या ऑक्टोबरात
चार किलोमीटरवर कुठलीशी केबल जमिनीला चिकटली,
आणि हा इथे, काही संबंध नसताना, पडला,
पंप थांबले, खाली पाणी माणसांच्या कमरेला लागलं,
तेव्हा चौकशीच्या कागदावर एका ओळीत जे लिहिलं,
"सेटिंग चुकीचं. जबाबदार: कसोंडे",
ती ओळ नापास.
सेटिंग अजून त्यांचंच आहे.
पॅनेलच्या दाराच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीने,
साताच्या पोटातून आडवी रेघ.
आकडे कुणी बदलले नाहीत. माणूस तेवढा बदलला.

"मॅडम, चार वाजले. सही करा, चहा आहे थर्मासमध्ये."
मी वायरींकडे वळले.
सीटीच्या वायरीने जमिनीला
एकाच ठिकाणी पाय टेकायचा असतो.
तो पाय मी सोडवला, मेगर लावला.
काटा शून्यावर. हलेना.
म्हणजे दुसरा पाय आहे कुठेतरी.

टॉर्च, गंजलेले बोल्ट, बोटं बधिर.
ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीत एक पाल, तिची अंडी,
आणि मागे, वायर पत्र्यातून आत येते तिथे,
कातडं सोललेलं, तांबं पत्र्याला टेकलेलं,
नखाएवढं.
दोन डगरींवर पाय. एरवी चालून जातं.
पण दूर कुठे जमिनीत करंट उतरला
की तो या दोन पायांमधून वाट काढतो,
आणि रिलेला हिशेबात दिसते
कधीच न झालेली चोरी.

सहाला दहा कमी असताना गुणगुण परत आली.
शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं.
रकाना छोटा होता, मागच्या पानावर गेले.

बा-कसोंडे आता चिंगोला रस्त्याला टोमॅटो विकतात,
त्याच टूलबॉक्सवर बसून.
ऐकून घेतलं. मला वाटलं रडतील, नाहीतर शिव्या देतील.
म्हणाले, "काळी वायर होती?"
"काळीच."
"हं. ती मला कधीच आवडली नव्हती."

मग दोन किलो तोलले, काटा नीट मधोमध आणून,
आणि वर एक टोमॅटो टाकला. म्बासेला.
पैसे घेईनात त्याचे.
"हा हिशेबात धरायचा नसतो, मवाबा," म्हणाले,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.